आवाज तुटतो, बॅकअप रेंगाळतो: कॅटॅलिस्ट २९६० वर क्यूओएस चालू केल्यानंतरची नेहमीची तक्रार

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. फोनचा आवाज अधूनमधून खराब यायचा म्हणून स्विचवर क्यूओएस, म्हणजे कोणत्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचं हे ठरवणारी सोय, चालू केलं, फोनला प्राधान्य दिलं, बॅकअपला मर्यादा घातली. दोन दिवस बरं वाटलं. मग आवाज पुन्हा तुटायला लागला, बॅकअप पहाटेपर्यंत संपेना, आणि कॉन्फिगरेशन कितीही वेळा वाचलं तरी त्यात चूक सापडेना.

सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट स्विचवर, म्हणजे २९६०, ३५६० आणि ३७५० या मालिकांवर, हे हमखास दिसतं. आपल्याकडे पतसंस्था, महाविद्यालयं, कारखान्यांची कार्यालयं इथे हे स्विच अजून इमानेइतबारे काम करताहेत, त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही. चूक सापडत नाही याचं कारण असं की ती बहुतेक वेळा कुणी टाइप केलेलीच नसते. जागतिक पातळीवर ‘एमएलएस क्यूओएस’ ही एकच ओळ दिली की स्विच आपल्या मनाने डझनभर गोष्टी ठरवतो, आणि त्या सगळ्या मूळ सेटिंग असल्यामुळे रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे ‘शो रन’ या हुकमाने दिसणाऱ्या चालू सेटिंगच्या यादीत, दिसत नाहीत. म्हणून ‘शो रन’ वाचून हा प्रश्न सुटत नाही. स्विच प्रत्यक्षात काय करतोय ते विचारावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं उदाहरण घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळेच प्रकार एकत्र आले होते. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यामध्ये १० एमबीपीएसची लीज लाइन. मुख्य कार्यालयातल्या २९६० च्या ज्या पोर्टला ती लाइन जोडली होती, तो पोर्ट मुद्दाम १० एमबीपीएसवर बसवलेला. हा निर्णय योग्यच होता, त्याचं कारण पुढे येईल. त्याच लाइनवरून खातेदारांची नोंद, आयपी फोन आणि रात्रीचा बॅकअप. आधी फोन फक्त बॅकअपच्या वेळी बिघडायचे. क्यूओएस चालू केल्यावर ते सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान बिघडू लागले, म्हणजे नेमकी काउंटरवर गर्दी असताना.

शाखेत टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंनी जे सांगितलं, त्यात अर्धं निदान होतं. “चार जण बोलत असतील तोवर काही नसतं बघा. पाचवा फोन लागला की पाचही जणांना तिकडचा आवाज तुटक येतो. तिकडच्यांना मात्र आमचं स्वच्छ ऐकू जातं.”

यातून दोन गोष्टी कळतात. बिघाड एकाच दिशेला आहे, मुख्य कार्यालयाकडून शाखेकडे. म्हणजे पाहायचा तो मुख्य कार्यालयातल्या स्विचचा बाहेर जाणारा पोर्ट, शाखेतला नव्हे. दुसरं, बिघाड कॉलच्या संख्येवर अवलंबून आहे, लाइन किती भरली आहे यावर नाही. लाइन भरल्यामुळे आवाज तुटत असता तर कधी दोन कॉलवर तुटला असता, कधी आठ कॉलवरही तुटला नसता. नेमक्या पाचव्या कॉलला तुटणं म्हणजे कुठेतरी पक्की मर्यादा आहे. वापरणाऱ्या माणसाला ‘कधी तुटतं, कोणाला तुटतं, आणि तेव्हा आणखी काय चालू असतं’ एवढं शांतपणे विचारलं तर अर्ध्या दिवसाचं काम वाचतं. मी तरी कन्सोल केबल लावण्याआधी हेच विचारतो.

आधी डुप्लेक्स

क्यूओएसकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट बघून टाका. पोर्टचा वेग हाताने ठरवलेला असेल तर ‘शो इंटरफेसेस’ मध्ये डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ), सीआरसी (बिघडून आलेल्या पॅकेटांची मोजणी) आणि लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरींची मोजणी) पाहा. एका बाजूला वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने पक्के केले, आणि समोरचा कन्व्हर्टर ऑटोवर राहिला, तर समोरच्याला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग एका बाजूला लेट कोलिजन आणि दुसऱ्या बाजूला सीआरसी वाढत जातात, आणि लक्षणं हुबेहूब बँडविड्थ कमी पडल्यासारखी दिसतात. १० वर बसवायचंच असेल तर ‘स्पीड ऑटो १०’ असं द्या. त्यात वाटाघाटी चालू राहते, फक्त १० एमबीपीएस एवढंच जाहीर केलं जातं, आणि डुप्लेक्स नीट ठरतो.

पतसंस्थेत हे सगळं स्वच्छ होतं. पुढे जाऊ.

कोणत्या क्यूमध्ये पॅकेट पडताहेत

‘शो इंटरफेसेस’ मध्ये ‘टोटल आउटपुट ड्रॉप्स’ (बाहेर न जाता टाकून दिलेली पॅकेट) वाढताना दिसला की बरेच जण लगेच बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, वाढवायला घेतात. त्या एका आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. पुढचा हुकूम द्या: ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’, मग पोर्टचं नाव, मग ‘स्टॅटिस्टिक्स’. यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची डीएससीपी मार्किंगनुसार, म्हणजे पॅकेटवर लावलेल्या प्राधान्याच्या आकड्यानुसार, मोजणी येते. त्यानंतर दोन तक्ते येतात, ‘आउटपुट क्यूज एनक्यूड’ आणि ‘आउटपुट क्यूज ड्रॉप्ड’. दर तक्त्यात चार क्यू (पॅकेटांच्या रांगा), आणि प्रत्येक क्यूचे तीन थ्रेशोल्ड (रांग किती भरली की पॅकेट टाकायची त्या मर्यादा).

इथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात चांगले चांगले अनुभवी लोक पडलेले मी पाहिले आहेत. या तक्त्यात क्यूंची मोजणी ० पासून ३ पर्यंत असते. कॉन्फिगरेशनमध्ये तीच मोजणी १ पासून ४ पर्यंत. तक्त्यातली क्यू ० म्हणजे कॉन्फिगरेशनमधली क्यू १. तक्त्यात क्यू १ मध्ये ड्रॉप दिसले म्हणून कुणी कॉन्फिगरेशनमधल्या क्यू १ ला जास्त वाटा दिला, तर खरी अडचण असलेली क्यू २ तशीच राहते, आणि आठवड्यानंतर तक्रार पुन्हा येते. ‘वारंवार येणारी’ म्हणवली जाणारी कितीतरी प्रकरणं या एका आकड्याच्या फरकामुळे वारंवार येत असतात.

आकडे एकदा पाहून थांबू नका. तक्रार चालू असताना एकदा नोंदवा, दहा मिनिटांनी पुन्हा नोंदवा आणि फरक काढा. महिन्यांपूर्वी साठलेल्या ड्रॉपला आज अर्थ नाही.

मार्किंग बघतानाही थोडं जपून. डीएससीपीचे आकडे पाच-पाचच्या ओळींत छापलेले असतात. आवाजाच्या पॅकेटांचं मार्किंग ४६, तेव्हा ‘४५ - ४९’ ही ओळ शोधायची आणि तिच्यातला दुसरा आकडा वाचायचा. फोन ज्या पोर्टला जोडले आहेत तिथे ‘इनकमिंग’ खाली हा आकडा वाढतोय, पण लाइनच्या पोर्टवर ‘आउटगोइंग’ खाली तो शून्यच आहे, असं दिसलं तर मधे कुठेतरी मार्किंग पुसलं जातंय.

आणि ते पुसणारा बहुधा हाच स्विच असतो. क्यूओएस बंद असताना २९६० कुठल्याही पॅकेटच्या मार्किंगला हात लावत नाही. चालू केलं की त्याच क्षणी सगळे पोर्ट ‘अविश्वासू’ ठरतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा डीएससीपी ० केला जातो. फोनने ४६ लावून पाठवलेलं पॅकेटही मग बॅकअपच्याच रांगेत जाऊन उभं राहतं. यावर उपाय ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’. तो फोनच्या पोर्टवर तर द्यायचाच, पण दोन स्विचमधल्या जोडणीच्या पोर्टवरही द्यायचा, कारण विश्वास हा आत येणाऱ्या बाजूला ठरतो. फोन दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचला आणि लाइन तळमजल्यावरच्या स्विचला असेल, तर तळमजल्यावरचा अपलिंक पोर्ट विसरला जातो, आणि वरच्या मजल्यावर केलेली सगळी मेहनत तिथे पुसली जाते.

पतसंस्थेत ट्रस्ट दिलेलं होतं, सगळीकडे दिलेलं होतं. ४६ चा आकडा लाइनच्या पोर्टवर नीट वाढत होता. आणि ड्रॉप होते ते तक्त्यातल्या क्यू ० मध्ये, म्हणजे क्यू १ मध्ये, म्हणजे नेमके आवाजाचेच. त्याच वेळी डेटाची क्यू एकही पॅकेट टाकत नव्हती आणि लाइन निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

चार टक्के

आता जो हुकूम द्यायचा तो मला या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाचा वाटतो: ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’, पोर्ट, ‘क्यूइंग’. चार-पाच ओळींचं उत्तर येतं. कुणी काही बदललेलं नसेल तर त्यात असं लिहिलेलं असतं: इग्रेस प्रायॉरिटी क्यू डिसेबल्ड. शेप्ड क्यू वेट्स २५ ० ० ०. शेअर्ड क्यू वेट्स २५ २५ २५ २५. पोर्ट बँडविड्थ लिमिट १००. क्यू-सेट १.

दुसरी ओळ वाचून बहुतेकांना वाटतं की क्यू १ ला २५ टक्के मिळताहेत. तसं नाही. शेपचा आकडा टक्का नसून भाजक आहे. २५ म्हणजे पोर्टच्या वेगाचा पंचविसावा हिस्सा, म्हणजे ४ टक्के. शेअरच्या ओळीतला २५ मात्र खरोखर गुणोत्तरातला वाटा आहे. एकाच उत्तरात एकाखाली एक दोन ओळी, तोच आकडा आणि अर्थ पूर्ण वेगळा.

कोणतं मार्किंग कोणत्या क्यूमध्ये जायचं त्याच्या मूळ नकाशाप्रमाणे डीएससीपी ४० ते ४७ क्यू १ मध्ये जातात, तेव्हा ४६ मार्किंगचा आवाज थेट या चार टक्क्यांत येऊन पडतो. गिगाबिट पोर्टवर चार टक्के म्हणजे ४० एमबीपीएस, कुणाच्या लक्षातही येत नाही. १०० च्या पोर्टवर ४ एमबीपीएस, तेही पुष्कळ. पण १० च्या पोर्टवर उरतात फक्त ४०० केबीपीएस.

आता कॉलचा हिशेब. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करण्याची एक पद्धत) आवाज ६४ केबीपीएसचा. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात १६० बाइट आवाज, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे मिळून ४० बाइट, आणि इथरनेटचे १८. एकूण २१८ बाइट, म्हणजे एका दिशेला ८७.२ केबीपीएस. चार कॉल झाले ३४८.८. पाच कॉल झाले ४३६. मर्यादा ४००. ताईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पाचवा फोन आला की क्यू ओसंडते, आणि स्विचला कुठला कॉल आधीचा आणि कुठला नंतरचा हे ठाऊक नसल्यामुळे पाचही कॉलची थोडी थोडी पॅकेट पडतात.

लाइन निम्मी रिकामी असताना हे का घडावं? कारण शेप आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेअर केलेल्या क्यूला तिचा वाटा नक्की मिळतो, आणि बाकीच्या क्यू रिकाम्या असतील तर त्यांची जागाही ती वापरू शकते. शेप केलेल्या क्यूला तिचा हिस्सा मिळतो, पण तेवढाच. शेजारची रस्ताभर जागा मोकळी असली तरी तिला पुढे जायची मुभा नाही. एखाद्या क्यूला शेपचा आकडा दिलेला असेल तर तिचा शेअरचा आकडा विचारातच घेतला जात नाही. म्हणून क्यू १ चा शेअर २५ वरून ६० केला तरी काडीचाही फरक पडत नाही. पतसंस्थेत आधी कुणीतरी तेही करून पाहिलं होतं, कॉन्फिगरेशनमध्ये ती ओळ दिसत होती.

उपाय एका ओळीचा. लाइनच्या पोर्टवर ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’. यामुळे क्यू १ खरी प्राधान्याची क्यू होते. तिच्यात पॅकेट असेल तोवर बाकीच्या थांबतात, तिचे शेप आणि शेअर दोन्ही आकडे बाजूला ठेवले जातात. उरलेल्या तीन क्यू आपापसांत शेअरच्या प्रमाणात वाटून घेतात.

ही ओळ दिल्यावर एक जबाबदारी मात्र येते, आणि ती टाळू नये. आता जो कुणी ४६ मार्किंग लावून पाठवेल तो सगळ्यांच्या पुढे जाईल. एखाद्या संगणकावरचा प्रोग्रॅम आपल्या फायली ४६ लावून पाठवू लागला तर खातेदारांची नोंद अडून बसेल. म्हणून फोनच्या पोर्टवर आत येतानाच ४६ मार्किंगचा एक क्लास (पॅकेटांचा गट) करून त्यात ‘ट्रस्ट डीएससीपी’ आणि ‘पोलीस १२८००० ८०००’ द्यावं. पोलीस म्हणजे वेगाची मर्यादा, तिच्या वरची पॅकेट टाकली जातात. एका फोनला ८७ केबीपीएस लागतात, १२८ केबीपीएसमध्ये तो आरामात बसतो. फोनचं सिग्नलिंग (कॉल लावण्याचे आणि फोन वाजवण्याचे संदेश) २४ मार्किंगने जात असेल तर त्याचाही क्लास करा, नाहीतर ते पुसलं जाईल आणि फोन उशिरा वाजेल.

बॅकअप का रेंगाळतो

पोलिसिंगचा विषय निघालाच आहे तर बॅकअपकडे वळतो. पतसंस्थेत बॅकअपच्या सर्व्हरवर ‘पोलीस ५०००००० ८०००’ अशी मर्यादा होती. पहिला आकडा बिटांत दर सेकंदाला, म्हणजे ५ एमबीपीएस. दुसरा आकडा बर्स्ट, बाइटमध्ये. प्रत्यक्षात बॅकअपला २ च्या आसपासच मिळत होते आणि सगळे म्हणत होते की स्विचचं मोजमाप चुकतंय.

मोजमाप बरोबर होतं. पोलिसर टाकीसारखा चालतो. टाकीत ठरलेल्या वेगाने टोकन पडत राहतात, टाकी भरली की जास्तीचे वाया जातात. पॅकेट आलं की त्याच्या आकाराएवढे टोकन खर्च होतात, आणि टोकन नसतील तर पॅकेट तिथल्या तिथे टाकलं जातं. बर्स्टचा आकडा म्हणजे टाकीची क्षमता. ८,००० बाइटच्या टाकीत पूर्ण आकाराची इथरनेट पॅकेट पाचच बसतात. टीसीपी, म्हणजे बॅकअपसारखा डेटा पाठवण्याची नेहमीची पद्धत, मात्र पॅकेट एकसारख्या अंतराने पाठवत नाही. सर्व्हर गिगाबिटवर आहे, तो दहा-वीस पॅकेटांचा झुबका एका दमात पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. पहिली पाच पुढे जातात, बाकीची पडतात. टीसीपीला वाटतं की वाट तुंबली आहे, तो वेग निम्म्यावर आणतो, हळूहळू वाढवतो, पुन्हा आपटतो. मधल्या शांत वेळात पडलेले टोकन टाकी लहान असल्यामुळे वाया जातात. ५ ची मर्यादा घालून २ मिळतात ते यामुळे.

८,००० हा या स्विचवर स्वीकारला जाणारा सर्वांत लहान आकडा, म्हणून उदाहरणांमध्ये तोच दिसतो आणि तोच उतरवला जातो. आवाजाला तो पुरतो, कारण आवाजाची पॅकेट लहान आणि एकसारख्या अंतराने येतात. टीसीपीला मुळीच पुरत नाही. बर्स्ट निदान एका फेरीत, म्हणजे पॅकेट जाऊन त्याचं उत्तर परत येईपर्यंत, जेवढा डेटा वाटेत असतो त्याहून मोठा हवा. ५ एमबीपीएस आणि ४० मिलिसेकंदांची फेरी धरली तर २५,००० बाइट झाले, तेही अगदी काठावरचे. सिस्कोचं प्रचलित सूत्र दीड सेकंदाचं आहे, म्हणजे दर भागिले आठ गुणिले दीड. त्याने ९,३७,५०० येतात, आणि या स्विचची कमाल १०,००,००० आहे. मी स्वतः पाव सेकंदापासून, म्हणजे १,५६,२५० पासून सुरू करतो आणि गरज पडली तर वाढवतो. कारण आत येणाऱ्या पोर्टची टाकी मोठी केली म्हणून पुढे १० च्या पोर्टवरची क्यू मोठी होत नाही. मोठा झुबका तिथे जाऊन पडतोच.

पोलिसर किती पॅकेट टाकतोय हे ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’ मध्ये बघू नका. या स्विचवर त्यातले आकडे शून्यच राहतात आणि पोलिसर लागूच झालेला नाही असा गैरसमज होतो. आधी सांगितलेल्या ‘स्टॅटिस्टिक्स’ च्या शेवटी ‘आउटऑफप्रोफाइल’ असतं, तिथे खरा आकडा मिळतो. आणि ही मर्यादा फक्त आत येणाऱ्या दिशेला लावता येते. ‘सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट’ या मालिकांच्या पोर्टवर चालत नाही.

खरं सांगायचं तर बॅकअपला पोलिसिंग लावणंच मला पटत नाही. रात्री दोन वाजता लाइनवर दुसरं कुणी नाही, तरीही बॅकअपला ५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, यात कुणाचं भलं होतं? त्यापेक्षा बॅकअपला डीएससीपी ८ लावा आणि त्याला स्वतंत्र क्यूमध्ये लहान वाटा द्या. दिवसा गर्दीत तो दबून राहील, रात्री सगळी लाइन वापरेल. फक्त मूळ नकाशात ० ते १५ मार्किंग क्यू २ मध्ये जातात, म्हणजे ८ लावूनही तो साध्या डेटाबरोबरच राहतो. ‘एमएलएस क्यूओएस एसआरआर-क्यू आउटपुट डीएससीपी-मॅप क्यू ४ थ्रेशोल्ड १ ८’ असं देऊन तो क्यू ४ मध्ये हलवावा लागतो. क्यू ४ मध्ये मूळचे ४८ आणि ५६ मार्किंगचे राउटिंगचे पॅकेटही असतात. त्यांना बॅकअपच्या मागे उभं करणं धोक्याचं आहे, म्हणून ते क्यू ३ मध्ये न्या. ३२ ते ३९ मार्किंगचा व्हिडिओ वगैरे लाइनवर असेल तर त्याचीही तीच गोष्ट. मग लाइनच्या पोर्टवर ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ शेअर १ ६० ३० १०’. पहिला आकडा प्राधान्याच्या क्यूचा, तो आता गैरलागू. उरलेल्यांत साध्या डेटाला ६०, सिग्नलिंग आणि राउटिंगच्या क्यूला ३०, बॅकअपला १०.

ड्रॉप शून्य, तरी संथ

असाही प्रकार येतो की स्विचवर चारही क्यूंत ड्रॉप शून्य आणि तरी आवाज तुटतोय. तेव्हा पोर्टचा वेग आणि लाइनचा करार यांची तुलना करा. १० एमबीपीएसची लाइन १०० च्या पोर्टवर आली असेल तर स्विचच्या दृष्टीने रस्ता मोकळा आहे. तो सगळं पाठवून देतो आणि पॅकेट पडतात पुढे, सेवा देणाऱ्याच्या उपकरणात. तिथे आपलं ४६ मार्किंग कुणी पाहत नाही. जिथे पॅकेट साठतात तिथेच क्यूचा उपयोग होतो, म्हणून कोंडी आपल्या स्विचवर आणावी लागते. पतसंस्थेचा पोर्ट १० वर बसवलेला होता तो याच कारणाने, आणि तो तसाच ठेवला.

करार वेगळा असेल तर ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट’ वापरा. तो १० ते ९० टक्के घेतो. १०० च्या पोर्टवर ५० ची लाइन असेल तर मी ४५ देतो. हार्डवेअर ही मर्यादा सहा-सहाच्या टप्प्यांत बसवतं, त्यामुळे नेमका आकडा मिळत नाही, म्हणून थोडं खाली राहणं बरं. ४ एमबीपीएसची लाइन असेल तर पोर्ट १० वर आणि मर्यादा ४०, किंवा त्याहून थोडी कमी.

बफर

ड्रॉप खरोखर साध्या डेटाच्या क्यूमध्ये असतील तर मात्र बफर बघायचे. क्यूओएस बंद असताना पोर्टचे बफर एकत्र वापरले जातात. चालू केलं की ते चार क्यूंत २५-२५ टक्के वाटले जातात, आणि ज्या क्यूमध्ये काहीच येत नाही तिचा हिस्साही राखीव राहतो. कॅमेऱ्यांच्या जाळ्यात हे लख्ख दिसतं. रेकॉर्डर गिगाबिटवर, पाहणारा संगणक १०० च्या पोर्टवर. एका मिलिसेकंदात १,२५,००० बाइट आत येऊ शकतात आणि फक्त १२,५०० बाहेर जातात. पाच मिनिटांच्या सरासरीत पोर्ट ३० टक्केच भरलेला दिसतो, पण त्या एका मिलिसेकंदात क्यू भरून वाहते. ‘लोड-इंटरव्हल ३०’ देऊनही हे दिसत नाही, कारण तीस सेकंदसुद्धा या मोजमापात फार मोठे आहेत. ड्रॉपचा आकडाच खरं बोलतो.

बदल क्यू-सेट २ मध्ये (बफर वाटपाच्या दोन संचांपैकी दुसरा) करा आणि तो फक्त अडचणीच्या पोर्टला लावा. क्यू-सेट १ ला हात लावला तर स्विचच्या सगळ्या पोर्टांवर परिणाम होतो. साध्या डेटाच्या क्यू २ ला बफरचा निम्मा वाटा द्या, बाकीच्यांचे कमी करा. त्याच क्यूचे थ्रेशोल्ड वाढवून तिला सामाईक साठ्यातून जास्त उचलू द्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये याची कमाल ४०० टक्के आहे, नंतरच्या आवृत्त्यांत ३२०० पर्यंत जाता येतं. लाइनच्या संथ पोर्टवर मात्र हात आखडता ठेवा. १० एमबीपीएसवर १,००,००० बाइट साठले की शेवटच्या पॅकेटला ८० मिलिसेकंद नुसतं थांबावं लागतं. ड्रॉप कमी दिसतील, आणि काउंटरवरचा माणूस ‘स्क्रीन हळू उघडतेय’ म्हणेल.

स्विचच्या कुठल्याच पोर्टवर खरी कोंडी नसेल, सगळं गिगाबिट आणि निम्मं रिकामं असेल, तर ‘नो एमएलएस क्यूओएस’ हा संपूर्ण सन्माननीय उपाय आहे. लाइनचं नियोजन राउटरवर होत असेल तर तो मी बिनदिक्कत करतो. मार्किंग अस्पर्श पुढे जातं आणि बफर मोकळे होतात.

तपासणी

बदल केल्यावर ‘आता बोलून बघा’ एवढ्यावर सोडू नका. दोन्ही टोकांना आयपर्फ ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम ठेवा. आधी टीसीपीने लाइन भरा. ती भरलेली असतानाच दुसऱ्या खिडकीतून यूडीपीचा ५०० केबीपीएसचा प्रवाह ४६ मार्किंगने पाठवा आणि किती पॅकेट हरवली ते पाहा. हा प्रवाह फोनच्या पोर्टवरून पाठवला तर तिथला १२८ केबीपीएसचा पोलिसर तो कापेल, म्हणून चाचणीपुरता ट्रस्ट दिलेला वेगळा पोर्ट घ्या. आयपर्फला ‘-S’ ने मार्किंग देताना ४६ नव्हे, १८४ द्यावे लागतात. डीएससीपी सहा बिटांचा आहे आणि तो पॅकेटमधल्या टीओएस या आठ बिटांच्या रकान्यात दोन घरं डावीकडे बसतो, म्हणून ४६ गुणिले ४. ४६ दिले तर पॅकेट भलत्याच क्यूमध्ये जातात आणि बरोबर केलेलं कॉन्फिगरेशन चुकीचं वाटू लागतं. मग दिशा उलटवून पुन्हा पाहा. शाखेतल्या स्विचवर क्यूओएस नव्हतं, तेव्हा शाखेकडून येणारा आवाज बॅकअप परत उतरवण्याच्या दिवशी बिघडू शकतो. हे सगळं तिकडेही करावं लागतं.

पतसंस्थेत ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ दिल्यावर क्यू ० चा ड्रॉपचा आकडा जागच्या जागी थांबला. ताईंना एकाच वेळी आठ फोन लावायला सांगितलं, लाइन मुद्दाम भरून ठेवली, आणि आठही जण नीट बोलू शकले. त्यानंतर ‘राइट मेमरी’ देऊन सेटिंग कायम जतन केली, आणि ‘क्यूइंग’ च्या उत्तराची छापील प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवली, कारण रनिंग कॉन्फिगमध्ये पुढच्या माणसाला यातलं निम्मंच दिसणार आहे.

जुना स्विच काढून कॅटॅलिस्ट ३८५० किंवा ९२०० बसवला असेल तर वरचे हुकूम तिथे चालणार नाहीत. तिथे क्यूओएस मुळातच चालू असतं, मार्किंगवर विश्वासही मुळातच असतो, आणि वाटप पॉलिसी-मॅपमध्ये ‘प्रायॉरिटी लेव्हल १’, ‘बँडविड्थ’ आणि ‘शेप अ‍ॅव्हरेज’ असं लिहावं लागतं, तेही बाहेर जाणाऱ्या दिशेला. झुबक्यांमुळे ड्रॉप येत असतील तर आधी ‘क्यूओएस क्यू-सॉफ्टमॅक्स-मल्टिप्लायर १२००’ देऊन पाहा. जुन्या स्विचचं कॉन्फिगरेशन उतरवून घेताना मात्र शेपचा २५ तिकडे टक्के म्हणून लिहू नका.